नक्षी नंतर, आधी बिजागरी : जुनं घडीचं पार्टिशन निवडायचं, सुधारायचं आणि मांडायचं कसं

माझं पहिलं जुनं पार्टिशन मी नक्षी बघून घेतलं. चार पल्ल्यांचं, वर द्राक्षाचे वेल, मध्ये जाळी. भुसावळला एका जुन्या सामानवाल्याच्या दुकानात ते भिंतीला टेकून उभं होतं आणि टेकून उभी असलेली कुठलीही वस्तू चांगलीच दिसते. घरी आणून उघडलं, तर तिसरा पल्ला जमिनीला टेकेना. आमच्या सुतारकाकांना बोलावलं. त्यांनी त्या वेलांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पार्टिशन गादीवर आडवं टाकायला लावलं, पायांच्या तळाला नखाने ओरखडा काढला आणि म्हणाले, "लाकूड शिसमनं से, पन पाय आंबाना सेतस." मूळचे पाय कधीतरी कुजले असणार. कुणीतरी आंब्याच्या लाकडाचे नवे पाय जोडून त्यांना काळपट रंग दिला होता, आणि चारांतला एक पाव इंच आखूड राहिला होता.

तेव्हापासून मी काकांच्याच क्रमाने बघतो: पाय, बिजागरी, चौकट, मग लाकूड आणि सगळ्यात शेवटी नक्षी.

घ्यायच्या आधी : झाकायचं काय आहे?

आपल्याकडे याला सरसकट पार्टिशनच म्हणतात. जुन्या सामानाच्या धंद्यातले लोक स्क्रीन म्हणतात, माझी आजी आडोसा म्हणायची. तिचाच शब्द कामाचा, कारण त्यात वस्तूचं काम सांगितलेलं आहे. आडोसा कशाला हवा ते आधी ठरवा.

हॉलमधलं वॉश बेसिन आणि चपलांचं कपाट झाकायचं असेल, तर भरीव पल्ले हवेत. जाळीतून चपला दिसणार असतील तर पार्टिशन घेण्यात अर्थच नाही. फ्लॅटमध्ये हॉलच्या कोपऱ्यातच देवघर असेल तर उलट जाळीच हवी, समईचा उजेड पलीकडे दिसतो आणि धूरही कोंडत नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी-नाती माहेरी येतात, दोन खोल्यांच्या घरात दहा माणसं झोपतात, त्यात एखादी बाळंतीण असते. अशा वेळी रात्री उघडायचं आणि सकाळी मिटवून दाराआड ठेवायचं हलकं पार्टिशन लागतं. तिथे कोरीव शिसव कामाचं नाही, कापडाचं पार्टिशनच बरं. वैशाखातली हवाही त्यातून थोडीफार येते-जाते.

बाजारात नेमकं काय मिळतं

घडीचे आडोसे मूळचे चीनचे. तिथून ते जपानला गेले. जपानी लोक त्यांना ब्योबू म्हणतात, म्हणजे वाऱ्याला अडवणारं. त्यांनी पल्ले कागदाच्या बिजागऱ्यांनी जोडायला सुरुवात केली. त्यामुळे पल्ला दोन्ही बाजूंना वळू लागला आणि मधली जाड चौकट गेल्याने सहाही पल्ल्यांवर सलग एकच चित्र काढता येऊ लागलं. कोरोमंडल स्क्रीन हे नाव ऐकून ती आपल्या पूर्व किनाऱ्यावर बनत असतील असं वाटतं. पण ती बनायची चीनमध्ये, झाडाच्या चिकापासून केलेल्या लुकणाचे थर कोरून त्यात रंग भरून. सतराव्या-अठराव्या शतकात कोरोमंडल किनाऱ्यावरच्या बंदरांतून ती युरोपला जायची, म्हणून नाव त्या किनाऱ्याचं पडलं. खानदेशात असलं काही हाती लागेल या आशेवर राहू नका.

आपल्याकडे साधारण चार प्रकार सापडतात. पहिला, सहारनपूरचं शिसवाचं कोरीव पार्टिशन. तिथलं जाळीकाम इंग्रजांच्या काळापासून प्रसिद्ध आहे आणि आजही चालू आहे, त्यामुळे 'शंभर वर्षांचं' म्हणून दाखवलेलं पार्टिशन चाळीस वर्षांचं असणं अगदी शक्य आहे. दुसरा, काश्मिरी अक्रोडाचं. ते क्वचित दिसतं, रंगाने तपकिरी आणि वजनाला शिसवापेक्षा हलकं असतं. तिसरा, जुन्या दवाखान्यातली किंवा बंगल्यातली कापडाची चौकट, लाकडी किंवा लोखंडी नळीची, तीन पल्ल्यांची. हिला कुणी विचारत नाही, म्हणून स्वस्तात मिळते, आणि माझ्या मते आपल्या घरांना हीच सगळ्यात जास्त शोभते. चौथा प्रकार तयार मिळत नाही, करून घ्यावा लागतो. पाडलेल्या वाड्याच्या कवाडांचं पार्टिशन. त्याबद्दल पुढे.

मापं घ्या, पण उघडलेल्या पल्ल्यांची

इथे बहुतेक जण चुकतात. सहा फूट उंच आणि प्रत्येकी वीस इंच रुंद असे चार पल्ले म्हणजे ऐंशी इंच, असा हिशेब करून लोक पार्टिशन घरी आणतात. पण सरळ रेषेत ते उभंच राहत नाही. नागमोडी ठेवावं लागतं. दोन पल्ल्यांत काटकोन ठेवला, तर ऐंशी इंचांचे साधारण साडेछप्पन्न इंच उरतात आणि खोलीतली चौदा इंच जागा आडवी जाते. कोन थोडा उघडून १२० अंशांचा केला, तर रुंदी एकोणसत्तर इंच मिळते आणि आडवी जागा दहाच इंच जाते. याहून जास्त सरळ करू नका, कुणाचा धक्का लागला की पडतं.

दुकानात जायच्या आधी घरच्या फरशीवर खडूने ही नागमोडी रेघ काढा आणि दोन दिवस तिच्या कडेने वावरा. रात्री पाणी प्यायला उठल्यावर पाय त्या रेघेवर पडतोय का, कपाटाचं दार अडतंय का, तेव्हाच कळतं. माझ्या बायकोने हा उपाय काढला आणि दुसरं पार्टिशन चार पल्ल्यांऐवजी तीनच पल्ल्यांचं आलं.

दुकानात तपासताना

भिंतीपासून पुढे ओढून मोकळं उभं करायला सांगा. दुकानदार कां-कूं करत असेल तर तेवढ्यात बरंच कळतं. उभं केल्यावर वरच्या कोपऱ्याला एका बोटाने हलका धक्का द्या. सगळं मिळून हललं तर पाय किंवा फरशी वाकडी आहे. एकच पल्ला लटपटला तर बिजागरी ढिली आहे. पाय सुधारता येतात, बिजागरीही सुधारते. पल्लाच पिळलेला असेल तर मात्र तो सहसा सरळ होत नाही. पल्ल्याच्या कडेला एक डोळा लावून, बंदुकीचा नेम धरावा तसं खालून वर बघा. पीळ लगेच दिसतो.

मग बिजागऱ्या. सहा फुटी पल्ल्याला एका सांध्यावर तीन हव्यात. दोनच असतील तर वरचा सांधा आज ना उद्या उघडतो. साधी बिजागरी एकाच बाजूला मिटते, म्हणून पहिल्या सांध्याला समोरून बसवली असेल तर दुसऱ्याला मागून बसवलेली असते आणि त्यातूनच नागमोड तयार होते. काही चांगल्या पार्टिशनांना दोन्हीकडे वळणारी बिजागरी असते. ती सापडली आणि मूळची असेल तर शक्यतो बदलू नका.

स्क्रू बघा. अधिक चिन्हासारख्या खाचेचे स्क्रू १९३० च्या दशकात आले. असे स्क्रू दिसले म्हणजे पार्टिशन नवं असं नव्हे, बिजागरी कधीतरी बदललेली असू शकते. पण बिजागरीखाली जुन्या भोकांची किंवा जुन्या पट्टीची खूणच नसेल आणि स्क्रू अधिकच्या खाचेचे असतील, तर दुकानदाराच्या 'इंग्रजांच्या जमान्यातलं' वर हसून पुढे जा.

जाळीच्या भोकांत बोट घाला. हाताने कोरलेल्या जाळीच्या आतल्या कडांना कानसीचे बारीक ओरखडे असतात आणि शेजारशेजारची दोन फुलं कधीच तंतोतंत सारखी नसतात. यंत्रावर कापलेली असेल तर बोटाला सगळं गुळगुळीत आणि एकसारखं लागतं. मागची बाजूही बघा. जुन्या कामात मागे रंधा हलकाच मारलेला असतो, कारण ती बाजू भिंतीकडे जाणार हे सुताराला ठाऊक असायचं.

लाकूड ओळखायला पायाचा तळ किंवा बिजागरीची खाच बघा, तिथे पॉलिश पोचत नाही. शिसव गडद असतो, त्यात काळ्या रेघा दिसतात आणि हाताला जड लागतो. एका घनफुटाला बावीस किलोच्या आसपास भरतो. सागवान अठराच्या आसपास, सोनेरी तपकिरी, आणि किंचित तेलकट वास येतो. तळाशी लाकूड फिकट आणि वर काळंभोर असेल तर रंग दिलेला आहे.

किमतीचा एक ढोबळ पाया सांगतो. सहा फूट उंच, वीस इंच रुंद आणि एक इंच जाड असे चार पल्ले भरीव असतील तर सव्वातीन घनफुटांपेक्षा थोडं जास्त लाकूड होतं. जाळी असेल तर तेवढं वजा करा. जुन्या लाकडाचा चालू भाव गावातल्या सॉ-मिलमध्ये विचारा. ही झाली खालची मर्यादा. त्यावरचे पैसे तुम्ही हस्तकलेचे देता आहात, आणि दुरुस्तीचा खर्च त्यातून वजा व्हायला हवा. घासाघीस करताना हा हिशेब पाठ असला की आवाज चढवावा लागत नाही.

एक कायद्याची गोष्ट. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी, कलात्मक किंवा ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू पुरावशेष ठरू शकते. ती खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही आणि तिचा धंदा करायला परवाना लागतो. 'पोरगा अमेरिकेत आहे, त्याला पाठवून देऊ' असा बेत असेल तर आधी नीट चौकशी करा.

घरी आणल्यावर पहिला आठवडा

काहीही करू नका. पार्टिशन व्हरांड्यात सावलीत ठेवा आणि प्रत्येक पल्ल्याखाली काळा कागद अंथरा. सकाळी कागदावर पिठासारखा बारीक भुसा दिसला तर आत जिवंत कीड आहे. टाचणीच्या डोक्याएवढी भोकं दिसतात पण भुसा पडत नाही, असं असेल तर कीड बहुधा जुनी आणि मेलेली. वाळवीचं लक्षण वेगळं, मातीची नळी दिसते आणि लाकडावर टकटक केलं की पोकळ आवाज येतो. वाळवी असेल तर पार्टिशन घरात नेऊच नका.

भुशाच्या किडीला लाकडाचं तयार कीडनाशक मिळतं. सुई लावलेल्या सिरिंजने ते भोकाभोकात सोडा, वरून मेणाने भोक बुजवा, पंधरा दिवसांनी पुन्हा काळा कागद घाला. हातमोजे घाला आणि काम मोकळ्यावर करा. मे महिन्यात गच्चीवर तापवून कीड मारायची कल्पना अनेकांना सुचते. कीड मरेलही कदाचित, पण त्याआधी सांधे उघडतील.

मग सफाई. कोरीव कामात काळ्या मातीची बारीक धूळ बसलेली असते. जुना दाढीचा ब्रश किंवा रंगाचा मऊ ब्रश घ्या, वरून खाली या. ओलं फडकं टाळा. एक तर पाणी जाळीच्या सांध्यांत शिरतं, दुसरं म्हणजे आपल्याकडच्या बोअरिंगच्या जड पाण्याचे पांढरे डाग कोपऱ्यांत राहतात आणि ते काढताना पॉलिशही निघतं. चिकट मळ असेल तर सुती फडक्याला थोडं टर्पेंटाइन लावा, आधी मागच्या बाजूला करून बघा.

पॉलिश काढायचं की ठेवायचं

माझं मत सांगतो : शक्यतो ठेवा. जुनं पॉलिश खरवडून काढलं की पार्टिशन नव्यासारखं दिसतं, आणि नव्यासारखं दिसणारं पार्टिशन नवंच घ्यायला काय हरकत होती? हात लागून गुळगुळीत झालेल्या कडा आणि वेलांच्या खाचांतला गडदपणा एकदा गेला की परत येत नाही.

तरी डाग पडलेत, कुठे पॉलिश उडालंय, तर आधी वर काय आहे ते ओळखा. कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून लपलेल्या जागी टेका. चिकट झालं तर चपडीचं पॉलिश आहे, म्हणजे लाखेचं. थिनरने विरघळलं तर लॅकर. दोन्हींनी ढिम्म हललं नाही तर ऑइल पेंट किंवा पॉलियुरेथेन. जुना ऑइल पेंट, त्यातही हिरवा-पिवळा, असेल तर कोरड्या सँडपेपरने घासू नका, त्यात शिसं असू शकतं. पाण्याचा कागद, म्हणजे ओला करून घासायचा सँडपेपर, वापरा, नाकाला मास्क लावा आणि पोरांना लांब ठेवा.

चपडीचं पॉलिश दुरुस्त करायला सगळ्यात सोपं, कारण नवा हात जुन्या थरात विरघळून मिसळतो. शंभर ग्रॅम चपडी अर्धा लिटर स्पिरिटमध्ये काचेच्या बरणीत रात्रभर भिजत ठेवा, सकाळी जुन्या मलमलमधून गाळा. कापसाचा गोळा मलमलमध्ये बांधून पुरचुंडी करा, ती पॉलिशमध्ये भिजवून पिळा आणि लांब, न थांबणारे हात मारा. पुरचुंडी एका जागी थांबली की चिकटते. दोन हातांमध्ये तासाभराचं अंतर ठेवा, तीन-चार हात पुरेत. कोरीव भागात ब्रशच बरा, पण अगदी कमी माल घेऊन, नाहीतर खाचांत पॉलिश साचतं. जवळपास बिडी-सिगारेट, गॅस, देवाचा दिवा काहीही नको.

हे काम आपल्याकडे करायचे महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात दमट हवेने पॉलिश दुधाळ पांढरं पडतं. मे महिन्यात पुरचुंडी उचलायच्या आत स्पिरिट उडून जातं आणि पट्टे दिसतात.

भेगांचंही असंच. उन्हाळ्यात लाकूड आटतं आणि भेग रुंदावते. तेव्हा तिच्यात लांबी (पुट्टी) ठासून भरली, तर श्रावणात लाकूड फुगतं आणि लांबी बाहेर ढकलली जाते किंवा पल्लाच दुसरीकडे फाटतो. दिवाळीच्या सुमारास भरा, आणि मोठी भेग असेल तर त्याच लाकडाची पातळ चीप बसवा. जाळीचा लाकडी तक्ता चौकटीच्या खाचेत मोकळा हलत असेल तर तो फेविकॉलने चिकटवू नका. तो हलण्यासाठीच मोकळा ठेवलेला असतो.

बिजागरी पक्की करताना

ढिला स्क्रू काढलात की भोकातून बहुधा आगकाडीचे तुकडे बाहेर पडतील. काकांनी माझ्या पार्टिशनाच्या एकाच भोकातून पाच काढले, पाचही वेगवेगळ्या वेळी कोंबलेले. ही मलमपट्टी वर्षभर टिकते. कायमचं करायचं तर भोक साफ करून मोठं करा, सागाची गोल खुंटी फेविकॉल लावून ठोका, एक दिवस वाळू द्या, खुंटी सपाट कापा आणि मधोमध बारीक नवं भोक पाडा. पितळी स्क्रू बसवणार असाल तर आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू पिळून काढा, मग पितळी स्क्रूला साबण लावून बसवा. नाहीतर घट्ट शिसवात पितळी स्क्रूची मान मोडते आणि मोडका तुकडा आतच राहतो. हे मी एकदा नाही, दोनदा केलेलं आहे.

कवाडांचं पार्टिशन

चोपडा, एरंडोल, पारोळा, अमळनेर, कुठेही जुनी धाब्याची, म्हणजे सपाट मातीच्या छताची, घरं पडताना दिसतात. माती ट्रॅक्टरने जाते, लाकूड विकलं जातं. कवाडं सागाची असतील आणि तीन सारख्या उंचीची मिळाली तर घ्या. सहा फूट बाय दोन फूट, दीड इंच जाड असं एक कवाड सत्तावीस किलोपर्यंत भरतं, म्हणजे तिन्ही मिळून ऐंशी किलो. नाजूक बिजागरी इथे चालत नाही, चार इंची जाड लोखंडी घ्या आणि सांध्याला चार बसवा. बरीच जुनी कवाडं बिजागरीवर नसून खालीवर निघालेल्या लाकडी खुंट्यांवर फिरायची. वरचा खुंटा ठेवा, छान दिसतो. खालचा कापावाच लागतो, नाहीतर कवाड त्या एका टोकावर तोललेलं राहतं. कड्या, खिळ्यांची फुलं आणि आगळीच्या खुणा काढून टाकू नका. हे पार्टिशन मात्र भिंतीला अडकवल्याशिवाय उभं करायचं नाही.

दवाखान्याच्या चौकटीचं काम याच्या दहा टक्केही नाही. लोखंड घासून गंजरोधक प्रायमर आणि रंग द्या, जुनं कापड फेका, जाड खादीला खालीवर नेफा शिवून दांड्यांत ओवा. कापड धुऊन आटवून मगच शिवा.

मांडताना

खानदेशातल्या घरात पार्टिशनचा खरा शत्रू कूलर आहे. माझ्या त्याच पहिल्या पार्टिशनचा चौथा पल्ला मार्च ते जून कूलरच्या झोतात होता. एका अंगाला ओली हवा, दुसऱ्या अंगाला ४४ अंशांचा कोरडा उन्हाळा. जूनमध्ये पल्ला पापडासारखा वळला. कूलरच्या तोंडासमोर आणि पश्चिमेच्या खिडकीला लागून पार्टिशन ठेवू नका. जाळीतून सावली पाडायची हौस असेल तर पूर्वेची खिडकी निवडा.

शहाबादी फरशी कुठेच सपाट नसते. पायांखाली जुन्या चपलेच्या चामड्याचे तुकडे चिकटवा. ते कमी-जास्त करून पातळी साधता येते आणि फरशीवर ओरखडेही पडत नाहीत. घरात लहान मूल असेल तर भिंतीकडच्या पल्ल्याला वर आकडा लावून छोट्या साखळीने भिंतीला अडकवा. मुलं जाळीत पाय रोवून चढतात, आणि चढणारच.

कानबाईच्या उत्सवाला किंवा लग्नकार्याला हॉल मोकळा करायचा असेल तेव्हा पार्टिशन मिटवून उभंच ठेवा, आडवं नको, नाहीतर वजनाने जाळी दबते. पल्ल्यांमध्ये जुन्या सुती साडीच्या घड्या घाला. वर प्लॅस्टिक गुंडाळू नका, पावसाळ्यात आत बुरशी धरते. आणि उचलताना वरच्या पट्टीला धरून ओढू नका. दोन माणसं, दोन टोकांना, खालच्या आडव्या पट्टीला हात घालून.